खासदाराचं मत कुणाच्या खाती?

20 सप्टेंबर 2023 रोजी लोकसभेत महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती मताला टाकली गेली, तेव्हा 454 खासदार बाजूने होते आणि विरोधात फक्त दोन. एक हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी, दुसरे या शहराचे, छत्रपती संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळी तरतूद नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. हे मत कुणाला पटो न पटो, ते कुणाचं आहे याबद्दल वाद नाही. गुलमंडीवरच्या कुठल्याही मतदाराला त्यांना गाठून विचारता येतं, ‘साहेब, असं मत का दिलंत?’ आता हाच प्रश्न त्यांच्या आधीच्या वीस वर्षांना लावून बघावा. 1999 ते 2019 अशी सलग चार वेळा शिवसेनेचे चंद्रकांत खैरे इथून लोकसभेवर गेले. त्याआधी 1988 मध्ये महापालिकेच्या पहिल्याच निवडणुकीत ते याच गुलमंडीतून नगरसेवक झाले, मग 1990 आणि 1995 मध्ये आमदार, युती सरकारात मंत्री. तीन सभागृहं पाहिलेला लोकप्रतिनिधी. त्यांच्या भूमिका शहरातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. पण या वीस वर्षांत कोणत्या कायद्यावर त्यांनी होय म्हटलं आणि कोणत्या कायद्यावर नाही, हे सांगा म्हटलं तर त्यांचा कट्टर समर्थकही गप्प होतो आणि कट्टर विरोधकही. माझं म्हणणं या गप्प होण्याबद्दल आहे. भूमिका सगळ्यांना ठाऊक आणि मत कुणालाच नाही, अशा परिस्थितीत लोकप्रतिनिधीचा हिशेब मागताच येत नाही. यात एकट्या खैरेंचा दोष नाही. आपल्या सभागृहांची रीतच तशी आहे, आणि ती बदलता येण्याजोगी आहे.

या म्हणण्याला गुलमंडीवर जी उत्तरं मिळतात, ती इथे नानांच्या तोंडी घातली आहेत. नाना ही कुणी एक व्यक्ती नव्हे. पैठण गेटाकडून टिळक पथाने सुपारी हनुमानापर्यंत येताना दुकानादुकानांत ऐकू येणारी ती एक बाजू आहे, जुन्या शिवसैनिकाची, अनुभवाची आणि ऐकून घेण्यासारखी.

नाना म्हणतात, “अरे बाबा, खैरेंची भूमिका काय होती हे तू मला सांगणार? 8 मे 1988 ला सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर बाळासाहेबांनी संभाजीनगर म्हटलं. त्या दिवसापासून या माणसाने दुसरं नाव तोंडातून काढलं नाही. सरकारं आली, गेली, नाव बदललं, परत फिरलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. हा माणूस जागचा हलला नाही. याहून वेगळा हिशेब कोणता हवा? लोकांनी ज्यासाठी निवडून दिलं तेच तो बोलत राहिला. मतांच्या याद्या घेऊन काय करायचंय?”

नाना, सातत्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे आणि ते लहान नाही. राजकारणात तीस-पस्तीस वर्षं एका शब्दावर उभं राहणारे थोडे. पण या नामांतराचा प्रवास टप्प्याटप्प्याने आठवून बघा. 1995 मध्ये युती सरकारच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, तो न्यायालयात अडकला आणि पुढच्या सरकारने मागे घेतला. 29 जून 2022 रोजी उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने ‘संभाजीनगर’ मंजूर केलं, 16 जुलैला शिंदे सरकारने ‘छत्रपती संभाजीनगर’ केलं, 24 फेब्रुवारी 2023 रोजी केंद्राची मान्यता आली. यातल्या एकाही पायरीवर लोकसभेत मत द्यावं लागलं नाही. राज्याचं नाव बदलायचं तर संसदेत विधेयक लागतं. शहराचं नाव बदलायला राज्याचा निर्णय आणि केंद्राची हरकत नसल्याचं पत्र पुरतं. म्हणजे खैरेंची सगळ्यात मोठी, सगळ्यात गाजलेली भूमिका ज्या विषयावर होती, तो विषय ते वीस वर्षं बसले त्या सभागृहात मताला येणारच नव्हता. आणि त्या सभागृहात जे मताला येत होतं, जमीन, कर, वीज, शिक्षण, बँका, कामगार, त्यावर त्यांनी कोणतं बटण दाबलं हे आपण त्यांना चारही निवडणुकांत विचारलं नाही. भूमिका ज्या विषयावर असते तिथे मत नसतं आणि मत ज्यावर असतं तिथे भूमिका विचारली जात नाही. इथेच सगळी गफलत आहे.

“पण मत त्याचं स्वतःचं असतं का?” नाना विचारतात. “व्हिप निघाला की संपलं. पक्ष सांगेल तिकडे हात वर करायचा, नाही तर खासदारकी जाते. मग त्याला एकट्याला धरून काय उपयोग? पक्षाला विचार.”

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा किंवा आदेश असूनही गैरहजर राहणारा सदस्य अपात्र ठरू लागला. आयाराम-गयाराम थांबवायचे, हा हेतू योग्य होता. पण तीच दोरी सरकार वाचवायच्या मतालाही बांधली गेली आणि साध्या विधेयकावरच्या मतालाही. 1990 मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवलं की ही शिक्षा विश्वास-अविश्वासाच्या ठरावापुरतीच ठेवावी. 1992 मध्ये किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवताना हेच बजावलं की सरकारचं अस्तित्व किंवा पक्षाचा मूळ कार्यक्रम पणाला लागलेला असेल तिथेच असा आदेश असावा. दोन्ही सूचना कागदावर राहिल्या. इंग्लंडच्या संसदेत, जिथून आपण ही पद्धत घेतली, तिथे व्हिप मोडणाऱ्या सदस्याला पक्ष जवळ करत नाही, पुढे उमेदवारी नाकारतो. पण त्याची जागा जात नाही, आणि त्याने कुठे मत दिलं ते नावानिशी छापलं जातं. आपल्याकडे जागाही जाते आणि बहुतेक वेळा नावही छापलं जात नाही.

तरीही नाना, व्हिपची भिंत दिसते तितकी बिनफटीची नाही. कायद्यात पक्षाची आगाऊ परवानगी घेऊन वेगळं मत देण्याची सोय आहे, आणि मत दिल्यावर पंधरा दिवसांत पक्षाने ते माफ केलं तरी सदस्यत्व राहतं. म्हणजे आतून भांडायला जागा आहे. आणि खैरे काही मागच्या बाकावरचे नव्हते. जुलै 2018 मध्ये मोदी सरकारवर अविश्वास ठराव आला तेव्हा ते लोकसभेत शिवसेनेचे प्रतोद होते. त्यांच्या नावाने सरकारच्या बाजूने मत देण्याचा व्हिप निघाल्याच्या बातम्या आल्या, आणि 20 जुलैला ठराव मताला आला तेव्हा सेनेचे अठरा खासदार सभागृहातच नव्हते. ठराव 126 विरुद्ध 325 असा फेटाळला गेला. केंद्रात मंत्रिपद असलेल्या पक्षाचं मत सरकारच्या बाजूने लागलं नाही, विरोधातही लागलं नाही. एका दिवसात असं काय बदललं, हे प्रतोद असलेल्या आपल्या खासदाराला त्या वेळी गुलमंडीने विचारायला हवं होतं. व्हिपचा बळी म्हणून एखाद्या नवख्या खासदाराला सूट देता येईल. ज्याच्या सहीने व्हिप निघतो त्याला ती कशी द्यायची?

याहून मला महत्त्वाचं वाटतं ते 10 मार्च 2015 चं उदाहरण, कारण ते आपल्या जिल्ह्याच्या मातीचं आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पासाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी सत्तर टक्के जमीनमालकांची संमती सक्तीची केली. 2014 च्या अखेरीला आलेल्या अध्यादेशाने पाच प्रकारच्या प्रकल्पांना या संमतीतून सूट दिली, आणि त्या पाचांत एक होता औद्योगिक कॉरिडॉर. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉर म्हटलं की आपल्यापुढे शेंद्रा आणि बिडकीन येतं. देशात ज्या मोजक्या मतदारसंघांना हा विषय जवळचा होता, त्यांत आपला होता. विधेयक लोकसभेत मताला आलं त्या दिवशी सरकारमध्ये असलेली शिवसेना तटस्थ राहिली. पक्षाने बाहेर शेतकऱ्यांच्या बाजूने विरोधाची भाषा केली होती. सभागृहात ‘नाही’ म्हटलं नाही. पुढे मांडलेलं दुसरं दुरुस्ती विधेयक संयुक्त समितीकडे गेलं आणि अध्यादेश 31 ऑगस्ट 2015 रोजी संपू दिला गेला, तो देशभरातल्या विरोधामुळे.

नाना इथे मला अडवतात आणि बरोबर अडवतात. “शेंद्रा-बिडकीनची जमीन एमआयडीसीने घेतली, राज्याच्या 1961 च्या कायद्याने. दिल्लीतल्या कायद्याचा त्या शेतकऱ्याला काय फरक पडणार होता?” थेट फरक थोडाच पडला असता, हे मान्य. पण नाना, म्हणूनच तर तिथे उभं राहून बोलायला हवं होतं. कॉरिडॉरच्या कडेला ज्याचे मतदार शेती करतात, त्या खासदाराला दोनपैकी एक म्हणता आलं असतं: इथे उद्योग यायला हवेत, म्हणून सूट द्या, किंवा संमतीशिवाय जमीन घेऊ नका. दोन्ही बाजूंना प्रामाणिक कारणं आहेत. तटस्थ राहण्याला मात्र मतदारापुढे मांडता येईल असं कारण नसतं. ते पक्षाच्या सोयीचं असतं, कारण उद्या उद्योजकाला सांगता येतं की आम्ही विरोध केला नाही आणि शेतकऱ्याला सांगता येतं की आम्ही पाठिंबा दिला नाही.

आता हे सगळं आपल्याला कळतं तरी कसं? वर दिलेले प्रसंग गाजले म्हणून कळतात. बहुतेक विधेयकांचं तसं होत नाही. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. दोन्हीकडून आवाज येतो. अध्यक्ष जाहीर करतात, होयचे बहुमत. आणि कायदा मंजूर. कुणाचं नाव नाही, आकडा नाही. घटनादुरुस्तीला सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश लागतं, म्हणून तिथे मोजणी टळत नाही. जानेवारी 2019 मध्ये आर्थिक दुर्बल घटकांच्या दहा टक्के आरक्षणाला 323 विरुद्ध 3 मतं पडली, हे म्हणूनच आपल्याला ठाऊक. बाकी बहुतेक आवाजात विरून जातं. सदस्याने मागणी केली तर मतविभागणी व्हायला हवी, असा नियम आहे. पण ती मागणी मान्य होईलच याची खात्री नाही. 20 सप्टेंबर 2020 रोजी राज्यसभेत कृषी विधेयकांवर विरोधकांनी मतविभागणी मागितली आणि उपसभापतींनी आवाजी मतदानावर विधेयकं मंजूर केली. आणि याचं आपल्या घरचं उदाहरण तर त्याहून जुनं आहे. 12 नोव्हेंबर 2014 रोजी फुलंब्रीचे आमदार हरिभाऊ बागडे विधानसभेचे अध्यक्ष झाले, आणि त्याच दिवशी देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव त्यांनी आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं जाहीर केलं. सरकारजवळ स्वतःचं बहुमत आहे की राष्ट्रवादीच्या बाहेरून दिलेल्या आधारावर ते उभं आहे, हाच त्या दिवशीचा प्रश्न होता, आणि नेमका त्याचाच आकडा इतिहासात नोंदला गेला नाही. मतविभागणीसाठी तेव्हा सगळ्यात मोठा आवाज कुणी केला होता, नाना? शिवसेनेने. तेव्हा मत नावानिशी मोजलं जावं ही मागणी कुण्या पुस्तकी माणसाची नाही. तुमच्याच पक्षाने ती सभागृहात गळा ताणून केलेली आहे.

“केली असेल,” नाना म्हणतात, “पण इथल्या माणसाला नळाला पाणी हवंय. आठ-आठ दिवस पाणी येत नाही. खासदाराने संसदेत होय म्हटलं की नाही म्हटलं, माझा हंडा भरणार आहे का? रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात कोण धावून येतं, दवाखान्यात कोण फोन करतं, मयतीला कोण येतं, माणूस हे बघून मत देतो. खैरे ते करायचे, म्हणून चारदा निवडून आले.”

पाण्याचं दुःख खरं आहे, आणि धावून जाणं हेही कामच आहे. त्याला हलकं समजणाऱ्यांना लोकांची गरज कळलेली नाही. पण पाण्याचं उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देतं. समांतर जलवाहिनीच्या योजनेवर या शहराने एक दशक घालवलं. काम खासगी कंपनीकडे गेलं, 2016 मध्ये महापालिकेने करार मोडला, आणि 2020 च्या अखेरीला पुन्हा नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. खैरे समांतरचे ठाम समर्थक होते. पण त्या योजनेचे निर्णय महापालिकेच्या सभेत आणि मंत्रालयात झाले, जिथे खासदार म्हणून त्यांच्या मताने काही ठरत नव्हतं. आपण खासदाराला नगरसेवकाचं काम सांगितलं, नगरसेवकाला खासदाराच्या घोषणांवर निवडून दिलं, आणि पाणी आलं नाही तेव्हा दोघांपैकी कुणालाही धरता आलं नाही. दुकानदार प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवतो म्हणून कुणाकडे किती बाकी हे त्याला सांगता येतं. आपण तिन्ही सभागृहांची बाकी एकाच पानावर लिहिली. आणि संसदेत पाण्यासाठी जे करता येतं, तिथे व्हिप आडवा येतच नाही. प्रश्नोत्तराच्या तासाला, शून्य प्रहराला व्हिप नसतो. शुक्रवारी अशासकीय विधेयक मांडायला पक्षाच्या आदेशाची गरज नसते. खरं आहे की स्वातंत्र्यानंतर अशी फक्त चौदा विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं 1970 मध्ये. पण विधेयक मांडणं म्हणजे आपली भूमिका कलमांत लिहून देणं. नामांतराबद्दल जितकी सभांत भाषणं झाली, त्याच्या दशांशाने तरी जायकवाडीच्या पाण्याबद्दल लोकसभेच्या कागदावर काय लिहिलं गेलं, हे आपण कधी मागितलं का?

नाना शेवटचा आणि त्यांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा काढतात. “2022 मध्ये काय झालं ते बघ. जिल्ह्यातले सेनेचे सहापैकी पाच आमदार शिंदेंकडे गेले. खैरे गेले नाहीत. पडले, दोनदा पडले, तरी गेले नाहीत. निष्ठेची नोंद कुठल्या यादीत ठेवणार तू?” ही नोंद मी मानाने ठेवतो. सत्ता समोर असताना न जाणं याला किंमत द्यावी लागते, आणि ती त्यांनी दिली. 2019 मध्ये ते 4,492 मतांनी हरले, 2024 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेले. पण नाना, 2022 च्या त्याच फुटीने व्हिपच्या कायद्याची बाजूही कोसळते. जो कायदा एकट्या सदस्याला एखाद्या विधेयकावर मनासारखं मत देऊ देत नाही, तोच कायदा चाळीस आमदार एकत्र निघाले तेव्हा त्यांना थांबवू शकला नाही, आणि 10 जानेवारी 2024 रोजी विधानसभा अध्यक्षांनी दोन्ही गटांपैकी कुणालाच अपात्र ठरवलं नाही. एकट्याच्या विवेकाला शिक्षा आणि घाऊक पक्षांतराला मोकळीक, हे उलटं व्हायला हवं.

उरतो एकच आक्षेप, आणि तो मलाच घ्यायला हवा: सुरुवातीला दाखवलेलं जलील यांचं मतही त्यांच्या पक्षाचंच होतं; दोन खासदारांचा पक्ष, दोन्ही मतं एका बाजूला. मग त्यात एकट्याचं धाडस कुठलं? धाडसाचा दावा मी करत नाही. ते मत चूक होतं असं मानणारे या शहरात पुष्कळ असतील, आणि त्यांना तसं मानण्याचा अधिकार आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की ते चूक ठरवता येतं, कारण ते दिसतं. खैरेंच्या वीस वर्षांतली किती मतं बरोबर होती हे त्यांच्या समर्थकाला सिद्ध करता येत नाही, हा तर त्यांच्यावरच अन्याय आहे. आता संदिपान भुमरे खासदार आहेत; त्यांच्याही पाच वर्षांचं हेच होईल, आपण काही मागितलं नाही तर.

मागणं अवघड नाही. लोकसभेत बटण दाबून मत नोंदवायची यंत्रणा 1957 पासून आहे. एका मतविभागणीला काही मिनिटं लागतात. प्रत्येक विधेयकाचं शेवटचं मत नावानिशी नोंदलं जावं, आणि व्हिपची शिक्षा विश्वास-अविश्वास आणि अर्थसंकल्पापुरती उरावी, यासाठी कायदा आणि नियम बदलावे लागतील. त्याला वेळ लागेल. पण एक गोष्ट आजपासून होऊ शकते. पुढच्या वेळी कोणत्याही पक्षाचा उमेदवार गुलमंडीवर प्रचाराला आला, हार घालून झाले, की त्याला एवढंच विचारा: प्रत्येक अधिवेशन संपल्यावर, कोणत्या विधेयकावर मी होय म्हटलं, कोणत्यावर नाही, कुठे तटस्थ राहिलो आणि का, हे एका कागदावर छापून या चौकात लावशील का? नाना, हा प्रश्न तुम्ही तुमच्या उमेदवाराला विचारा. बाकीच्यांना आम्ही विचारतो.